आवडती कृती ऐकणाऱ्यांची की गाणाऱ्यांची?

अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल याच्या 'मेसाया' या गायक मंडळ आणि वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या कृतीतलं 'हालेलुया' हे समूहगान संपत आलं की एक खड्डा लागतो. चारही आवाज (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस), ट्रम्पेट, नगारे सगळे टिपेला पोचलेले असतात, 'हालेलुया, हालेलुया' असा एकामागून एक मारा चाललेला असतो, आणि एकाएकी सगळं थांबतं. दोन-तीन मात्रांची संपूर्ण शांतता. मग शेवटचं, संथ, लांबवलेलं 'हालेलुया'. स्कोअरमध्ये, म्हणजे छापील स्वरलिपीत, त्या शांततेची खूण स्पष्ट छापलेली असते. तरी घोडा उधळलेला असतो, लगाम खेचायचं भान राहत नाही, आणि कोणीतरी एकटाच त्या शांततेत ओरडतो.

एका डिसेंबरात तो 'कोणीतरी' मी होतो. नोकरीच्या निमित्तानं तीन वर्षं यॉर्कशरमधल्या एका जुन्या गिरणगावात राहत होतो. तिथे नाताळाच्या आधीच्या एका शनिवारी चर्चच्या सभागृहात खुलं 'मेसाया' असायचं. ज्याला गायचंय त्यानं यावं, जमल्यास स्कोअर आणावा, दुपारी एकदा तालीम आणि संध्याकाळी कार्यक्रम. मी बेसच्या रांगेत. शेजारी सत्तरीपलीकडचे एक निवृत्त बसड्रायव्हर. पान उलटायच्या आधी ते मला कोपरानं ढोसायचे, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीनं स्वल्पविराम करून द्यायचे. माझं ते जाहीर 'हा...' हॉलभर घुमलं तेव्हा मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. आजोबा शेवटचा सूर संपेपर्यंत समोर बघत राहिले आणि मग म्हणाले, "दरवर्षी एक जण पडतोच. यंदा तुमची पाळी होती."

लोकप्रिय पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताबद्दल माझं जे काही मत आहे, ते त्या खड्ड्यात पडून झालेलं आहे.

ब्रिटनमधलं क्लासिक एफएम हे रेडिओ स्टेशन १९९६ पासून दरवर्षी श्रोत्यांकडून मतं मागवतं आणि ईस्टरच्या सुमारास पहिल्या तीनशे आवडत्या कृतींची यादी वाजवतं. पहिली काही वर्षं माक्स ब्रुखचा पहिला व्हायोलिन कन्सर्टो, म्हणजे एकट्या व्हायोलिनला वाद्यवृंदाची साथ असलेली कृती, अव्वल होता. पुढे रखमानिनोव्हचा दुसरा पियानो कन्सर्टो आणि व्हॉन विल्यम्सची 'द लार्क असेंडिंग' यांची बरीच वर्षं रस्सीखेच चालली. यादी आली की जाणकार मंडळी नाक मुरडतात. तेच ते, गुळगुळीत झालेलं, मोटारीत ऐकायचं संगीत. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, लोकांना आवडतंय ना, मग तुमच्या पोटात का दुखतं? आपल्याकडे मैफलीत ख्याल संपायच्या आत अभंगाची फर्माईश आली की पहिल्या रांगेतल्या काहींच्या कपाळावर जी आठी पडते, ती हीच.

गंमत म्हणजे या कृतींचे कर्तेच कधीकधी आठी घालणाऱ्यांत असायचे. ब्रुखनं तो कन्सर्टो प्रकाशकाला एकरकमी विकून टाकला होता, त्यामुळे पुढच्या लोकप्रियतेचा पैसा त्याच्या हाती लागला नाही. भेटेल तो व्हायोलिनवादक तोच वाजवायला मागतो, माझे बाकीचे कोणी बघतच नाही, म्हणून तो आयुष्यभर वैतागत राहिला. चायकोव्हस्कीनं १८८० साली '१८१२' ही वाद्यवृंदाची कृती लिहिताना आपल्या आश्रयदात्या बाईंना कळवलं होतं की हे भयंकर आवाजी होणार आहे आणि आपण ते प्रेमाविना लिहिलंय. रावेल तर आपल्याच 'बोलेरो'मध्ये संगीतच नाही म्हणायचा. त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांना एकट्यालाच शिष्ट म्हणण्यात अर्थ नाही.

माझं भांडण या दोन्ही बाजूंशी आहे. दोघंही लोकप्रियता कानांनी मोजतात. किती जणांनी ऐकलं, किती वेळा वाजलं, किती मतं पडली. पण कान फार हलका असतो. कोणीही येऊन त्यात काहीही ठेवून जातो. मोट्झार्टनं सतराव्या वर्षी, १७७३ साली लिहिलेल्या पंचविसाव्या सिम्फनीची (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदाची मोठी कृती) सुरुवात भारतात घरोघर माहीत आहे, आणि तिला आपण 'टायटनची ट्यून' म्हणतो. त्याच्याच चाळिसाव्या सिम्फनीची पहिली ओळ सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'त अशी काही बेमालूम वापरली की पुढे मूळ कृती ऐकताना मराठी माणसाच्या ओठांवर तलतचे शब्द येतात. दोन्ही कामं अफलातून आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सिम्फन्या इथे पोचल्या त्या दुसऱ्याच्या पाठुंगळी बसून. घड्याळवाल्यानं उद्या धून बदलली की पुढच्या पिढीचा मोट्झार्ट संपला.

ज्या कृती लोकांनी गळ्यात घेतल्या, त्यांचं तसं होत नाही. म्हणून मला वाद्यवृंदाच्या आवडत्या कृती आणि समूहगानाच्या आवडत्या कृती एका यादीत घालणंच चुकीचं वाटतं. (वाद्यवृंद म्हणायचं कारण, 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणपतीत चौकात होणारा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम येतो.)

'मेसाया'चंच बघा. हँडेलनं ते १७४१ साली २२ ऑगस्टला लिहायला घेतलं आणि १४ सप्टेंबरला संपवलं. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनच्या फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या सभागृहात झाला, आणि तो धर्मादाय होता. पैसे जाणार होते दोन रुग्णालयांना आणि कर्ज फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेल्या माणसांना. गर्दी इतकी होणार होती की बायकांनी घागऱ्याखालचे गोल सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती आधी छापावी लागली. शहरातल्या दोन कॅथीड्रलचे गायक हवे होते. त्यातल्या एकाचा प्रमुख होता 'गलिव्हर'वाला जोनाथन स्विफ्ट, आणि त्यानं आधी खळखळ केली. शेवटी मोजके पुरुष आणि मुलगे उभे राहिले आणि गायले. मिळालेल्या रकमेतून १४२ कर्जदार सुटले असं सांगतात. नंतर लंडनच्या अनाथालयासाठी हँडेल दरवर्षी ते करू लागला. हालेलुयाला राजा दुसरा जॉर्ज उठून उभा राहिला म्हणून सगळे उभे राहतात, ही कथा मात्र ऐकीव. राजा तिथे होता असं सांगणारा त्या काळचा एकही कागद नाही. उभं राहायचं कारण राजा नसला तरी लोक उभे राहतातच. कीर्तनात आरतीला कोण कोणासाठी उठतं?

यानंतरचं शतक मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणगावांत गायक मंडळं निघाली. हडर्सफील्डची कोरल सोसायटी १८३६ ची, आजही चालू आहे. माग चालवणारे, खाणीत उतरणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे लोक आठवड्यातून एक संध्याकाळ जमून हँडेल गायचे. त्यांना पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी, म्हणजे स्टाफ नोटेशन, वाचता येत नव्हतं. मग नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेनं बसवलेली आणि जॉन कर्वेन या पाद्र्यानं वाढवलेली एक युक्ती कामी आली. तिचं नाव टॉनिक सोल-फा. आपल्याला ती समजवायला अर्धं मिनिट पुरतं, कारण ते सरळसरळ सारेगम आहे. षड्ज कुठेही धरा, त्यापुढे डो, रे, मी, फा. पाच रेघांचं जंजाळ नाही, साध्या अक्षरांत चार आवाज चार ओळींत लिहिलेले. त्याच सुमारास नोव्हेलो या प्रकाशकानं स्वस्त छोट्या आकाराचे स्कोअर काढले. अक्षर वाचता येणाऱ्या कामगाराला आता 'मेसाया' वाचता येऊ लागलं. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत जगभर गेली. मिझोराममध्ये चर्चची गीतं आजही सोल-फात छापली जातात, आणि तिथे गावच्या गाव चार आवाजांत गातं.

मीही बेसची ओळ तशीच शिकलो. लहानपणी पुण्यात दोन वर्षं पेटी शिकलो होतो, तेवढ्या पुंजीवर. हालेलुया डी मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी दोन. स्कोअरमध्ये माझ्या ओळीखाली मी देवनागरीत स्वर लिहून काढले होते. बसड्रायव्हर आजोबांनी ते पाहिलं आणि आपल्या बॅगेतून वडिलांचा स्कोअर काढून दाखवला. त्यात तशीच बारीक पेन्सिलीची अक्षरं, फक्त रोमन.

मधे एक जागा येते. 'तो अनंत काळ राज्य करील' या ओळीला बाकी सगळे गप्प होतात आणि बेस एकटे सुरुवात करतात. मग टेनर तीच ओळ उचलतात, मग आल्टो, मग सोप्रानो. आपण टाकलेली ओळ दुसऱ्या रांगेतून, दुसऱ्या उंचीवरून परत येते आणि त्या वेळी आपण भलतंच काही गात असतो. खुर्चीवर बसून ऐकणाऱ्याला तिथे नुसता मोठा आवाज ऐकू येतो. आत उभं राहिलं की कळतं, इथे कोणीच मुख्य नाही. आपल्या समूहगानात शंभर जण एकच ओळ गातात, एकमेकांच्या आडोशानं. वारकरी भजनात टाळकरी एका सुरात असतात, शाहिराच्या मागे झीलकरी एकच झील धरतात. त्याची ताकद वेगळी आणि मोठी आहे. चार आवाजांत मात्र शेजारची रांग चुकली तर आडोसा नाही, तिला टेकूनही चालत नाही, आणि तिच्याशिवाय तुमची ओळ निम्मीअर्धी.

आत राहून अशाच बारीकसारीक गोष्टी दिसतात. 'आम्हांसाठी बाळ जन्मलं' या अर्थाचं एक लाडकं समूहगान 'मेसाया'त आहे. त्याची सुरुवात 'फॉर' या शब्दानं होते, आणि हँडेलनं आघात नेमका त्या बापड्या 'फॉर'वर दिला आहे. गाताना दर वेळी जीभ अडखळते. कारण असं की ती चाल त्यानं दोनच महिने आधी एका इटालियन प्रेमगीतासाठी केली होती. तिथे पहिला शब्द होता 'नो', म्हणजे 'नाही, तुझ्यावर भरवसा ठेवणार नाही'. रुसलेल्या प्रियकराचा 'नाही' काढला आणि त्या जागी बाळाच्या जन्माचं 'कारण' बसवलं. हे कळल्यावर मला तर हँडेल एकदम घरचा वाटू लागला. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहिलेली असायची, कधी कानडी पदाची, कधी लावणीची. भक्तीच्या पदाखाली लावणीची चाल चालली, तर इथे का चालू नये?

आता दुसरी कृती, बेटोव्हनची नववी सिम्फनी. ७ मे १८२४ ला व्हिएन्नात ती पहिल्यांदा झाली. बेटोव्हन तोवर ठार बहिरा होता. टाळ्या त्याला ऐकू येईनात, तेव्हा गायिका कॅरोलीन उंगरनं त्याला धरून श्रोत्यांकडे वळवलं. सत्तर मिनिटांच्या या सिम्फनीत माणसाचा गळा येतो तो शेवटच्या भागात, जर्मन कवी शिलरच्या आनंदाच्या कवितेवर. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध धुनांपैकी एक ही, आणि ती किती साधी आहे ते पेटीवर बघा: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. दुसरी ओळ जवळपास तशीच. सगळे शेजारशेजारचे स्वर, सा ते प च्या आत. तिसऱ्या ओळीत एकदा खालच्या प ला हात लावून येते, बस. इतका अवघड माणूस, इतकी अवघड सिम्फनी, आणि तिच्या पोटात चौथीतल्या पोराला येईल अशी धून. बेटोव्हननं ती आधी चेलो आणि बेस वाद्यांवर, कानात सांगावं तशी हळू वाजवून घेतली आहे. जणू कोणीतरी न्हाणीघरात गुणगुणतंय.

ही धून जगात सगळ्यात जास्त प्रेमानं कुठे गायली जाते? जपानमध्ये. पहिल्या महायुद्धात चीनच्या त्सिंगताओमध्ये जपान्यांनी पकडलेले सुमारे हजार जर्मन कैदी शिकोकू बेटावरच्या बांडो छावणीत होते. छावणीप्रमुख मात्सुए तोयोहिसा हा भला माणूस. त्यानं कैद्यांना बेकरी, छापखाना, वाद्यवृंद सगळं करू दिलं. १ जून १९१८ ला त्यांनी नववी सिम्फनी सादर केली. बायका नव्हत्या, म्हणून सोप्रानो आणि आल्टोच्या ओळी पुरुषांसाठी बदलून घेतल्या. जपानी भूमीवरची ही पहिली संपूर्ण 'नववी'. आज तिथे डिसेंबर म्हणजे 'दाइकू', शब्दशः 'नववी'. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तंगीत वादकांना वर्षाअखेरीस चार पैसे मिळावेत हाही त्यामागे एक हिशेब होता. गायक मंडळ हौशी माणसांचं घेतलं की प्रत्येक गायकामागे घरची, शेजारची, कचेरीतली माणसं तिकीट काढणार. व्यवहार असा की त्यात आपल्या हौशी नाट्यसंस्थांना काही नवल वाटू नये. ओसाकात १९८३ पासून दहा हजार माणसं एकत्र ही सिम्फनी गातात. बहुतेकांना जर्मन येत नाही. शब्द काताकाना लिपीत लिहून महिनोन् महिने पाठ करतात.

हे ऐकून कोणी म्हणेल, दहा हजारांचं गाणं हे गाणं की कवायत? आक्षेप जुना आहे आणि तगडा आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हँडेल महोत्सव व्हायचे, त्यात गायकांची संख्या चार हजारांपर्यंत गेली. तो अवाढव्य कंटाळा ऐकून बर्नार्ड शॉनं १८९१ साली लिहिलं की यावर पैसे उधळण्यापेक्षा नीट तालीम केलेले वीस तयारीचे गायक घेऊन कोणी 'मेसाया' का करत नाही? शॉचं बरोबरच होतं. मी आमच्या त्या चर्चमधल्या प्रयोगाची कोणीतरी फोनवर घेतलेली ध्वनिफीत नंतर ऐकली. टेनरमध्ये चारच माणसं होती आणि त्यातली दोन बेसमध्ये जायला हवी होती. वेगवान तानांच्या जागी नुसता गलका. विकत कोणी घेणार नाही.

पण शॉला हवे असलेले ते वीस येतात कुठून? इथे प्रश्न सार्वजनिक होतो. मार्च २०२३ मध्ये बीबीसीनं आपलं बीबीसी सिंगर्स हे पूर्णवेळ व्यावसायिक गायक मंडळ बंद करायचं जाहीर केलं. १९२४ साली सुरू झालेलं, शंभरीला एक वर्ष कमी. गायक किती, तर वीस. त्याच घोषणेत इंग्लंडमधल्या आपल्या वाद्यवृंदांतल्या पगारी जागाही पाचव्या हिश्श्यानं कमी करण्याचं ठरलं होतं. कारण नेहमीचं, पैसा पुरत नाही आणि अधिक लोकांपर्यंत पोचायचंय. लाखाहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, शेकडो संगीतकारांनी पत्रं लिहिली, आणि महिना संपायच्या आत बीबीसीनं मंडळ बंद करायचा तो निर्णय स्थगित केला.

सह्या करणारे ते लाखभर कोण होते याचा मला अंदाज आहे. त्यातले पुष्कळ जण बीबीसी सिंगर्सचे नियमित श्रोते नसतील. ते बुधवारी संध्याकाळी सात वाजता कुठल्यातरी थंडगार हॉलमध्ये फ्लास्कमधला चहा घेऊन बसणारे, पेन्सिल विसरलेले गायक असतील. ओळ कशी लागायला हवी हे त्यांना त्या विसांकडून कळतं. आणि त्या विसांतला प्रत्येक जण कधीकाळी अशाच हॉलमध्ये लहानपणी उभा राहिलेला असतो. श्रोत्यांनी टॉप तीनशेत मत दिलं म्हणून वाद्यवृंद वाचल्याचं मला माहीत नाही. गाणाऱ्यांनी मात्र एक मंडळ वाचवलेलं मी पाहिलं. म्हणून सार्वजनिक पैसा तोकडा असेल तर कात्री सगळ्यात शेवटी समूहगानावर चालावी, शाळेतल्या गाण्याच्या तासावर तर चालूच नये, असं माझं म्हणणं आहे. झालंय उलटं. गळ्याला वाद्य लागत नाही, भाडं लागत नाही, म्हणून तो दिसत नाही, म्हणून तो आधी कापला जातो.

आवडत्या कृती नव्यांना जागा देत नाहीत, हाही आक्षेप आहे आणि वाद्यवृंदांच्या बाबतीत तो पुष्कळ खरा आहे. वर्षाचं वेळापत्रक उघडा, निम्म्याहून अधिक नावं शंभर वर्षांपूर्वी वारलेल्यांची. पण हौशी गळ्यांवर हा आरोप करताना एक गोष्ट विसरली जाते. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' त्याच्या मृत्यूनंतर अडगळीत गेलं होतं. ११ मार्च १८२९ ला वीस वर्षांच्या मेंडेल्सोहननं ते बर्लिनमध्ये पुन्हा उभं केलं, ते कोणाला घेऊन? सिंगअकादमी या हौशी गायकांच्या संस्थेला घेऊन. आज कोणत्याही यादीत बाख असतो, त्यात बर्लिनमधल्या त्या डॉक्टर-वकील-गृहिणींचा वाटा आहे.

लोकांच्या गळ्यात बसलेली गोष्ट धोकादायकही असते, हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल १९४२ मध्ये हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी वाद्यवृंद-संचालक फुर्टवेंगलरनं बेटोव्हनची हीच नववी सिम्फनी उभी केली. १९७४ साली ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या अल्पसंख्य राजवटीनं हीच धून राष्ट्रगीत म्हणून घेतली. 'सगळी माणसं भाऊ होतील' असं मूळ कवितेत असताना! आणि डिसेंबर १९८९ मध्ये भिंत पडल्यावर बर्लिनमध्ये संचालक लिओनार्ड बर्नस्टाइननं 'आनंद' हा शब्द बदलून 'स्वातंत्र्य' असा गाऊन घेतला. युरोपनं यातून शहाणपण शिकून काय केलं, तर धून घेतली आणि शब्द काढून टाकले. कौन्सिल ऑफ युरोपनं १९७२ मध्ये आणि पुढे १९८५ मध्ये युरोपीय समुदायानं ती आपलं गीत म्हणून स्वीकारली, शब्दांविना, कारण भाषा कोणती घ्यायची? सोय कळते. पण ज्या सिम्फनीनं गळ्याला आत घेतलं, तिचाच गळा काढून घेतला. त्या गीताला लोक उभे राहतात, गात नाहीत. मला ते लग्नात बँडवर वाजणाऱ्या मंगलाष्टकांसारखं वाटतं.

लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या शेवटच्या रात्री एल्गारच्या १९०१ च्या मार्चच्या चालीवर साम्राज्याच्या विस्ताराचं एक गाणं सगळं सभागृह गातं. २०२० साली बीबीसीनं ते फक्त वाद्यांवर वाजवायचं ठरवलं, गदारोळ झाला, पंतप्रधानही बोलले, आणि शेवटी काही गायकांनी ते गायलं. त्या शब्दांनी आपल्या पूर्वजांवर राज्य केलं, त्यामुळे ते मला गोड लागण्याचं कारण नाही. तरी वाटतं, गाऊ दे. गातात म्हणूनच तर भांडण होतं. 'बोलेरो'वरून कधी कोणी रस्त्यावर उतरलंय? ज्याचे शब्द तोंडात घ्यावे लागतात, त्याच्याबद्दल माणसाला एक दिवस विचार करावाच लागतो. उलट उदाहरण आपलंच. बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' हे गांधीजींना प्रिय असलेलं स्तोत्र १९५० पासून वाजत असे, २०२२ मध्ये ते वगळलं. हळहळ झाली, लेख आले, मलाही वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर आपल्यापैकी कितीजणांना त्याची दुसरी ओळ येत होती? साबरमतीच्या प्रार्थनेत ते गायलं जायचं. विजय चौकात ते बँडवर वाजायचं. बँडवरून गोष्ट काढणं सोपं असतं.

मुंबईत नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या हाताखाली उभा राहिलेला, सुरुवातीपासून परदेशी वादकांवर मोठी भिस्त असलेला. त्याबद्दल कुरकुर करणाऱ्यांत मी नाही. व्हायोलिनची रांग दहा वर्षांत पिकत नाही, ती आधी उसनी आणावीच लागते. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी काढली, तेव्हापासून हे शहर प्रयत्न करतंच आहे. गोव्याच्या चर्चशाळांतून तयार झालेले वादक नसते तर हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळाला व्हायोलिनची फौज मिळाली नसती. त्या शाळांत मुलं वाद्याच्या आधी सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत गायची, म्हणजे पुन्हा गळाच. गळा उसना आणावा लागत नाही. वसंत देसाईंनी महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येनं एकत्र गायला लावलं होतं. तेही कुठल्या युरोपीय शिक्षणाशिवाय, आणि सुरात.

तेव्हा नरीमन पॉइंटला वर्षातून एक संध्याकाळ तिकीट लावून श्रोत्यांनाच उभं करावं. दारात चार रंगांच्या चिठ्ठ्या, चार आवाज, ओळी सारेगममध्ये छापलेल्या, दुपारी तालीम. पुण्या-नाशिकच्या भजनी मंडळांना आणि वसईच्या चर्चमधल्या गायकांना सारखंच आमंत्रण. भजनी मंडळातल्या बायका पहिल्या तासात लय धरतील, त्याची मला जरा जास्तच खात्री आहे. चार आवाज वेगळे ठेवायला मात्र त्यांना वसईकरांचा आधार लागेल. ध्वनिफीत भिकार येईल. येऊ दे.

माझ्या भाचीला मी सुट्टीत पेटीवर ती नवव्या सिम्फनीची धून शिकवत होतो. तीन ओळी तिनं अर्ध्या तासात उचलल्या. चौथ्या ओळीला बेटोव्हननं एक खोडी करून ठेवली आहे. तिथला पहिला ग तो एक मात्रा आधीच आणतो, मागच्या ओळीच्या शेपटीवर. मुलांच्या पुस्तकांत हा ग सरळ करून छापतात. मी सरळ केला नाही. ती दर वेळी वेळेवर येते, म्हणजे उशिरा, आणि मग पेटीवरून मान वर करून माझ्याकडे बघते.

"मामा, हा चुकीचा लिहिलाय."

"पुन्हा," मी म्हणतो, आणि एक मात्रा आधी माझा तोच बेसचा आवाज लावतो.